गप्प की रिकामे

१

बाईंना जाऊन विसावा दिवस उजाडला, त्या सकाळी त्यांच्या प्रयोगशाळेच्या दारावर कुणीतरी खडूने एकच शब्द लिहून ठेवला होता : 'रिकामे'.

मी पोहोचलो तेव्हा बाईंची लेक ओल्या रुमालाने तो पुसत होती. अक्षरं गेली, पण काळपट दारावर पांढुरका डाग राहिला. जितका पुसावा तितका पसरत होता. ही मुलगी चष्म्याच्या काचा घासून बसवते. डाग तिला बघवत नाही.

"काका, सोमवारी समिती बसणार," माझ्याकडे न वळताच ती म्हणाली. "आईचा निबंध मागे घेणार, ही पाटी उतरवणार. लबाड बाई म्हणून तिचं नाव राहणार. आज गुरुवार. तुम्ही समितीत आहात ना? मग बघा काहीतरी."

"अगं, मी गुरांचा डॉक्टर. इथल्या मुक्या जिवांचे हाल होत नाहीत ना, एवढं बघायला बाहेरचा माणूस म्हणून मला घेतलंय. मला यातलं ओ की ठो कळत नाही."

"मुका रोगी तपासायची सवय आहे ना? झालं तर मग. इथे सगळ्यांचीच वाचा बसलीय."

देवाने मला चाळीस वर्षं पोटाला दिलं ते गाईम्हशींच्या पोटाला कान लावून. त्या कानाला एक कळलंय. कुणी बोलत नाही ते आत काहीच नसतं म्हणून, आणि कुणी बोलत नाही ते आत इतकं साठलेलं असतं की तोंड उघडायची भीती वाटते म्हणून. बाहेरून दोघं सारखीच दिसतात.

तिने कुलूप काढलं. आत आंबूस, दमट वास होता. बाईंच्या स्टुलावर त्यांची उशी तशीच होती, मधे खोलगट.

"आणखी एक सांगते," लेक म्हणाली. "ज्याने कुणी आईच्या प्रयोगातले कृमी बदलले, तो इथलाच. बाहेरच्या माणसाला हे कृमी डोळ्यांना दिसतसुद्धा नाहीत."

२

शेजारच्या प्रयोगशाळेतल्या सरांना सगळे पाठीमागे 'मोजपट्टी' म्हणतात, कारण त्यांच्या खिशात पेनाच्या जागी स्टीलची पट्टी असते. आरोप त्यांचाच होता. त्यांची खोली आणि बाईंची खोली यांच्यात एक भिंत, आणि ती भिंत पाडायचं घाटतंय, हेही माझ्या कानावर आलं होतं.

"सोपं करून सांगा सर," मी म्हणालो. "वासरू चारापाणी घेत नाही, एवढ्या सोप्या भाषेत."

त्यांनी पट्टी काढून टेबलावर सरळ ठेवली. "हे कृमी नखावर पन्नास मावतील एवढे. बाईंनी त्यांच्या अंगात एक जनुक बसवलं. निळ्या उजेडात धरलं की कृमी हिरवा चमकतो, ते त्या जनुकाचं काम. मग अन्नातून एक निरोप देऊन ते जनुक गप्प केलं. लक्षात घ्या, काढून टाकलं नाही. आत आहे, पण बोलत नाही. कृमी काळाच दिसतो."

"बरं."

"गंमत पुढे आहे. निरोप फक्त पहिल्या पिढीने खाल्ला. पण तिची पोरं, नातवंडं, पणतवंडं, सगळी गप्प. काही न खाता! साधारण चार-पाच पिढ्यांत हा निरोप विरतो. बाईंनी छापलं की त्यांच्या घराण्यात तो पंचवीस पिढ्या टिकलाय, आणि चाळीसपर्यंत नेऊन दाखवते म्हणाल्या. साडेतीन दिवसांची एक पिढी. बाई गेल्या त्या आठवड्यात चाळिसावी जन्मली. मी पेट्या सील केल्या आणि त्यांचं जनुक वाचलं."

"आणि?"

"जनुकच नाही, डॉक्टर. ते गप्प नव्हते, रिकामे होते. फुटकं भांडं वाजत नाही म्हणून त्याला मौनी बुवा म्हणायचं का? दहाव्या पिढीची एक नळी फ्रीझरमध्ये आहे, तिच्यात जनुक सापडलं. म्हणजे मधेच कुठेतरी साधे रानटी, जनुक न बसवलेले कृमी आणून बसवले, आणि जग म्हणतंय, वा, काय मौन!"

"न वाचता ओळखता येतं का हो, गप्प की रिकामे ते?"

"येतं की. ऊब द्यायची. चार-पाच अंश वाढवले की निरोप मोडतो. गप्प असेल तो जागा होतो, चमकायला लागतो. रिकाम्याला उकळून काढलंत तरी तो काळाच." त्यांनी पट्टी पुन्हा सरळ केली. "मला आनंद झालाय असं समजू नका. बावीस वर्षं शेजारी होत्या. माझी मुलगी आजारी असताना माझे कृमी त्यांनी सांभाळलेत."

माणूस कडू होता, पण खोटा वाटला नाही.

बाहेर पडल्यावर मी बाईंच्या खोलीत शिरून त्यांच्या थंड कपाटाकडे नजर टाकली. कृमी ठेवायचं ते हे कपाट, बारा महिने एकाच गारव्याचं. त्याच्या भिंतीकडच्या अंगाला कारागिराची एक चिठ्ठी डकवलेली होती. 'कॉम्प्रेसर बदलला', आणि तारीख. बाई इस्पितळात गेल्या त्याच्या पुढच्याच आठवड्यातली.

कपाट बंद पडलं होतं, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं.

३

बाईंचा शिष्य तिशीचा, काटकुळा. कृमी उचलायची बारीक तार ज्योतीवर तापवून तापवून त्याच्या बोटांची टोकं भाजलेली. डोळे सुजलेले होते. रडून की जागून, कोण जाणे.

"कृमी नव्या ताटलीत कोण न्यायचं?"

"मीच. दर पिढीला. वहीत आहे सगळं." वही त्याने छातीशी धरली होती, पोर धरावं तशी. मी ती सोडवून घेतली. दर साडेतीन दिवसांनी एक ओळ, खाली त्याची सही. शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात बाईंच्या तिरप्या अक्षरात दोनच शब्द : 'चाळीसनंतर ऊब'.

"ही शेवटची परीक्षा होती," तो म्हणाला. "जागे झाले तरच माझं खरं, असं बाई म्हणायच्या. पण त्या गेल्या आणि सरांनी सील लावलं. राहून गेलं."

"कपाट बिघडलं होतं तेव्हा काय केलंस रे?"

"कपाट?" त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "कधी?"

मी टेबलावरची एक ताटली उचलून उलटसुलट करून बघत राहिलो, तर एवढ्या गडबडीतही तो दचकला. "पालथीच ठेवा, डॉक्टर! जिवंत ताटली नेहमी पालथी. उताणी ठेवली तर झाकणाखालचं पाणी टपकतं आणि जीव बुडतात."

तिथून मी ओतमावशींकडे गेलो. ताटल्यांमध्ये गरम जेली ओतायचं काम त्यांचं, म्हणून हे नाव. बावीस वर्षं त्याच खोलीत, वाफेत. खिडकीच्या काचेवरून पाण्याचे ओघळ येत होते. भट्टीच्या वरच्या फळीवर, ऊब असते तिथे, ताटल्यांच्या चळती सुकत होत्या. बऱ्याच उताण्या, कोपऱ्यातली एक पालथी.

"बसा डॉक्टरसाहेब. स्टूल ओलं आहे, पण सगळंच ओलं आहे." मावशी पातेलं ढवळत बोलत होत्या. "सासरी वीस माणसांचं रांधलं, पण कुणी ताट चाटूनपुसून खाल्लं म्हणाल तर नाही. ही बाईंची लेकरं बघा, कण ठेवत नाहीत. आणि वर मीठ कमी म्हणत नाहीत!"

मला हसू आलं. त्या मात्र हसल्या नाहीत.

"मावशी, सर म्हणतात ते खरं असेल का?"

"सर मोठे आहेत. पण बाईंनी बावीस वर्षांत एक आकडा खोटा लिहिला नाही. दारावर लिहिणाऱ्याचा हात झडो." त्यांनी पळी जोरात आपटली. "आणि लेकरांनी तरी काय करावं? उकडलं की कुणालाही जाग येते. त्यात त्यांचा काय दोष, न् बाईंचा?"

मग एकदम म्हणाल्या, "सरका जरा, उतू जातंय."

काहीच उतू जात नव्हतं.

४

संध्याकाळी लेकीच्या दुकानात गेलो. काचा घासायचं चाक थांबवून तिने चहा ओतला. भिंतभर रिकाम्या चौकटी टांगलेल्या, डोळे नसलेल्या.

"आईशी माझं फारसं बोलणं नव्हतं, काका. भांडण नव्हे हो. आमच्या घरात कुणी बोलतच नाही. आजीचा धाकटा मुलगा विहिरीत गेला आणि आजीने तोंड मिटलं ते मिटलंच. आई तिच्या पोटची, मी आईच्या पोटची. त्या मामाचं नावसुद्धा मला ठाऊक नाही. आई एकदा म्हणाली होती, मी कृमींमध्ये आपलंच घर बघत असते. बास, तेवढंच बोलली."

"इस्पितळात कोण कोण असायचं?"

"पहिले पंधरा दिवस तिचा शिष्य. खुर्चीवरून हलला नाही बिचारा. मी म्हटलं, जा रे, आंघोळ तरी कर. पुढे मी आणि मावशी. मावशी काम आटोपून रोज यायच्या. आई रोज एकच विचारायची, 'लेकरं गप्प आहेत ना?' मावशी म्हणायच्या, 'गप्प आहेत.' मग आई डोळे मिटायची."

"शेवटपर्यंत हेच?"

तिने कप खाली ठेवला. "शेवटच्या आठवड्यात तिला फार थंडी वाजायची. सारखी म्हणायची, 'ऊब द्या, मावशी, ऊब द्या.' आम्ही दोघींनी दोन दोन पांघरुणं घातली, पायाशी गरम पाण्याची पिशवी ठेवली. तरी ती मान हलवायची. नाही नाही म्हणायची. डॉक्टर म्हणाले, भ्रम आहे."

मला वहीच्या कोपऱ्यातले ते दोन शब्द आठवले.

खात्री होईपर्यंत या पोरीला ते सांगणं म्हणजे भरलेल्या जखमेवर तासणी फिरवणं होतं. रस्त्याने घरी जाताना मात्र नाम घ्यायला गेलो तर ओठांवर दुसराच शब्द येत होता : ऊब, ऊब.

५

शुक्रवारी सकाळी शिष्याला बाईंच्या खोलीत बसवलं. दार लावून घेतलं.

"पंधरा दिवस तू इस्पितळात होतास. त्या पंधरा दिवसांतल्या चारही सह्या तुझ्या. दोन ठिकाणी असायची विद्या तुला कुणी दिली?"

तो फुटायला वेळ लागला नाही. इतके दिवस जणू कुणीतरी विचारायचीच वाट बघत होता. "मी तार मावशींकडे दिली होती. बाईंना सोडून यायचा धीर होईना. मावशींचा हात माझ्यापेक्षा साफ आहे, पण नियमाने त्यांनी करायचं नाही. म्हणून परत आल्यावर वहीत माझंच नाव घातलं. पण कृमी मी बदलले नाहीत, देवाशपथ! परत आलो तेव्हा तेहतिसावी पिढी होती. काळीच होती. मी पुढे नेली."

"मग बदलले कुणी?"

"सरांनीच, दुसरं कोण? त्यांना भिंत पाडायचीय."

"बाबा रे, आता मूळ मुद्द्यावर ये," मी म्हणालो. "कपाट बंद पडलं. आत उकडलं. उकडल्यावर गप्प कृमींचं काय होतं?"

"जागे होतात."

"समज तू तिथे असतास, ताटली निळ्या उजेडात धरलीस आणि सगळे हिरवे चमकताना दिसले. तू काय केलं असतंस?"

"मी... मी तर नाचत इस्पितळात गेलो असतो! एकतिसाव्या पिढीत जागे झाले म्हणजे एकतीस पिढ्या जनुक आत होतं. शेवटची परीक्षाच ती!"

"आणि सरांना दिसलं असतं तर?"

"त्यांनाही तेच कळलं असतं. लपवायचंच असतं तर ताटली भट्टीत घातली असती. तिच्या जागी रिकामे बसवून काय मिळणार?" बोलता बोलता तो थांबला.

"बरोबर. म्हणजे हे दुष्टाव्याने झालेलं नाही. ज्याने बदलले त्याला ती चमक म्हणजे बिघाड वाटला. अन्न घालणारा, पुसणारा, सांभाळणारा माणूस. ज्याला बाईंनी एवढंच सांगितलं होतं की लेकरं गप्प राहिली पाहिजेत."

काल माझ्यासमोरच ते बोललं गेलं होतं आणि मी विनोदाला हसत बसलो होतो. सगळी इमारत 'रिकामे' म्हणत होती. जागे झाल्याचं तोवर कुणी बोललंच नव्हतं. एकाच तोंडून आलं, 'उकडलं की कुणालाही जाग येते.'

आणि सुकणाऱ्या, रिकाम्या ताटल्या पालथ्या कशाला ठेवायच्या?

६

मी लेकीला बोलावून घेतलं आणि आम्ही तिघं वाफेच्या खोलीत गेलो. मावशींनी आमच्याकडे पाहिलं, मग फळीच्या कोपऱ्याकडे. गॅस बंद केला. हात पदराला पुसले, दोनदा.

"मावशी, ती पालथी चळत खाली घेता का?"

"टाकवली नाहीत हो माझ्याने," त्या म्हणाल्या. "बाईंची होती ती."

निळ्या उजेडाच्या यंत्राखाली ताटली ठेवली. आधी लेकीने डोळा लावला आणि ती बराच वेळ तशीच राहिली. मग मी पाहिलं. अंधाऱ्या शेतात काजव्यांच्या रेघा ओढल्यासारखे शेकडो जीव हिरवे सळसळत होते.

मावशी भिंतीशी टेकून बोलत होत्या. आवाज खालचा, पण थांबत नव्हता. "शनिवारी कपाट बंद पडलं. कारागीर आला सोमवारी. उघडते तर आत भट्टी. बघते तर सगळी लेकरं पेटलेली. बाई चाळीस म्हणाल्या होत्या आणि माझ्या हातात एकतिसाव्यालाच मोडलं. बाईंचं चुकलं असं वाटलं मला. त्या तिकडे नळ्या लावून पडलेल्या, त्यांना हे कोणत्या तोंडाने सांगू? शेजारच्या ताटलीतले साधे काळे घेतले आणि ठेवले. ही इथे उबेला लपवली, अन्न घालत राहिले. पोरगा परत आला, त्यालाही बोलले नाही."

"सरांनी रिकामे म्हटलं तेव्हा तरी बोलायचं," शिष्य म्हणाला. त्याचा आवाज चिरकला.

"कसं बोलू? रिकामे म्हटलं तर निदान सरांची चूक निघायची आशा होती. जागे झाले म्हटलं असतं तर चूक बाईंचीच ठरली असती. त्यांच्या नावाला बट्टा नको म्हणून दात आवळून बसले."

हे सांगणं माझ्या वाट्याला आलं. आजवर कितीतरी गोठ्यांत मी वाईट बातमी सांगितली आहे. चांगली बातमी सांगताना जीभ अशी कधी जड झाली नव्हती.

"मावशी, जाग कुणाला येते? जो झोपलेला असतो त्यालाच ना? रिकाम्याला ऊब दिली तर तो पेटत नाही. ही पेटली, म्हणजे एकतीस पिढ्या जनुक त्यांच्या पोटात होतं, गप्प होतं. बाईंचं मोडलं नाही. बाईंचं खरं ठरलं, ते तुमच्यासमोर, त्या सोमवारी. तुम्ही लपवलात तो बट्टा नव्हता. तोच पुरावा."

मावशींना आधी कळलंच नाही. मग कळलं. त्यांनी लेकीकडे पाहिलं आणि लेकीने त्यांच्याकडे.

"ऊब द्या म्हणत होत्या त्या," मावशी म्हणाल्या.

"हो."

"चाळिसाची वाट बघायला वेळ नव्हता त्यांना. लेकरांना ऊब द्या म्हणत होत्या. आणि आपण त्यांना..."

लेक खाली बसली, त्या ओल्या जमिनीवरच. "ती मान हलवत होती, काका. मी पिशवी आणखी गरम करून आणली."

मीही तिच्या शेजारी खाली बसलो.

शनिवार-रविवार मोजपट्टी घरी गेले नाहीत. सोमवारी समितीपुढे उभे राहिले तेव्हा दाढी वाढलेली होती. "चमकणारे कृमी कुणीही कुठूनही आणेल, म्हणून मी खूण शोधली," ते म्हणाले. "ज्यांना कधीकाळी गप्प केलं होतं, त्यांच्या अंगात त्या निरोपाचे तुकडे जाग आल्यावरही काही पिढ्या सापडतात. विझल्या राखेत धग असते तसे. या कृमींमध्ये ते आहेत. माझं वाचन बरोबर होतं. अर्थ मी चुकीचा लावला." मग पट्टी खिशात घालत म्हणाले, "मात्र एकतीस. चाळीस नाही. बाईंनीही एकच म्हटलं असतं, एकतीसच लिहा."

निबंध राहिला. पाटी राहिली. खोट्या सह्यांपायी शिष्याचं वर्ष गेलं, आणि मावशींनी यापुढे तारेला हात लावायचा नाही अशी लेखी समज मिळाली. त्यांनी कागद न वाचताच सही केली.

मंगळवारी सकाळी किल्ली परत द्यायला गेलो. बाहेर धुकं होतं, लांबच्या लांब बोळात दिवे लावलेले. दारावरचा पांढुरका डाग अजून तसाच होता. हात पुढे केला आणि आतून मावशींचा आवाज आला. स्टुलावरच्या त्या खोलगट उशीशी बोलावं, इतका हळू.

"बाई, लेकरं जागी झाली हो."

मी हात मागे घेतला. मग लेकीचा आवाज आला, रडका, पण स्वच्छ.

"पुन्हा सांगा, मावशी. जरा मोठ्याने."